कुणी न केलेला बर्फ

“दार लावा आधी! सगळं सोलापूर आत घेताय काय?” मी ओरडलो.

सात जण दारात एकमेकांना ढकलत उभे होते. बाहेर मे महिन्याचं ऊन, त्रेचाळीस डिग्री. ह्यांच्या अंगात मात्र दोन-दोन स्वेटर, डोक्याला कानटोपी, हातात मोजे. आत यायच्या आधीच घामानं न्हाऊन निघाले होते. मी सगळ्यांना पुन्हा बाहेर काढलं.

“उतरवा ते सगळं. घाम पुसा, सावलीत अंग सुकवा, मग कोरड्या अंगावर घालून या. ओल्या अंगानं गारठ्यात शिरणारा माणूस संध्याकाळी दवाखान्यात दिसतो.”

त्यांच्यातला चष्मेवाला हसला. “मामा, हे पुस्तकात आहे की. आम्ही वाचलंय.”

“मग वाचून विसरायला पुस्तक कशाला पाहिजे?”

तो सिद्धनाथ. विम्याच्या ऑफिसात कारकून, वय असेल तिशीचं. रजा काढून, पदरचं घालून उत्तरेत बर्फावर चढायचा महिन्याचा कोर्स करून आलेला. सप्टेंबरात हिमालयातलं वीस हजार फुटी शिखर चढायचं आणि तेही सोलापूरच्या पोरांनी, असं त्यानं डोक्यात घेतलं होतं. आमच्या गावात उंच म्हणावं असं काय, तर गिरणीचं धुराडं. पण तो हट्टाला पेटलेला माणूस. सहा जण गोळा केले, सामान जमवलं, आणि ते थंडीत टिकतं का हे बघायला अख्ख्या गावात एकच जागा सापडली, ती म्हणजे आमच्या बर्फाच्या कारखान्यातली कोठी. मालक म्हणाले, “संगप्पा, तासभर बसू दे त्यांना. फक्त लाद्या फोडू देऊ नको.”

मी तिथला मुकादम. ही गोष्ट अठ्ठ्याहत्तर सालची. तेव्हा मला तिथं बावीस वर्षं झाली होती. मिठाच्या गार पाण्याची मोठी टाकी, तिच्यात पाण्याचे डबे सोडायचे, चोवीस तासांनी साखळीनं उचलायचे, लादी मोकळी करून कोठीत सरकवायची. बर्फात काम करतो म्हणून माझं डोकं थंड असेल असं लोकांना वाटतं. माझी बायको काशम्मा त्यांना हसते.

पोरं कोरडी होऊन आत आली. लाद्यांच्या मधे पोती अंथरून बसली. स्टोव्ह पेटवायला घेतला तर पंप काही हलेना. चौघांनी जोर लावून पाहिला. कुणी म्हणालं वायसर गेला, कुणी म्हणालं स्टोव्हच बोगस.

मी पंप बाहेर काढला, वास घेतला. “ह्याला तेल कुठलं लावलं?”

“खोबरेल,” त्यांच्यातला महिपती म्हणाला. चादरीच्या कारखान्यात सूत रंगवायला होता तो. “घरात तेच हाय की मामा. आमी सगळ्यालाच लावतो. बिजागरीला, सायकलला...”

“आणि हिमालयालाही तेच लावणार? अरे शहाण्या, दिवाळीच्या गारठ्यात बायका बाटली उन्हात ठेवतात, तेव्हा कुठं ते पातळ होतं. हितं दगड झालंय बघ.”

सिद्धनाथचं तोंड एवढंसं झालं. त्यांच्या यादीत चार किलो खोबरेल होतं. मी कंप्रेसरच्या खोलीत गेलो. तिथल्या यंत्राचं तेल थंडीत घट्ट होत नाही. चामड्याचा वायसर गरम पाण्यात मऊ केला, त्या तेलात बुडवला, पंप बसवला. चार दट्ट्यात स्टोव्ह फुरफुरला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. बावीस वर्षांत बर्फ केला म्हणून कुणी टाळी वाजवली नव्हती.

चार दिवसांनी सिद्धनाथ एकटाच आला. कोठीच्या दारात उभा राहून म्हणाला, “मामा, आम्हा सातांखेरीज बेस कॅम्प सांभाळायला एक मास्तर येणार होते, ते गळाले. सासऱ्यांनी नको म्हटलं. तुम्ही येता का?”

मला वाटलं चेष्टा करतोय. “मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे.”

“चढायचं नाही तुम्ही. पायथ्याला बर्फातच तळ असतो, तो राखायचा. स्टोव्ह, तंबू, दोर बघायचे. पोरं खाली आली की त्यांच्याकडं बघायचं. सगळ्या सोलापुरात थंडी कळणारा माणूस एकच आहे. मालकांना मी विचारतो. महिन्यात नावं दिल्लीला पाठवायची आहेत.”

मी विचार करून सांगतो म्हणालो. कसला विचार! तो फाटकाबाहेर पडायच्या आत माझं ठरलं होतं.

ह्याचं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं, ते आता सांगतो. बावीस वर्षं मी बर्फ केला. लग्नातल्या सरबताला केला, कुल्फीवाल्यांना केला, परगावचा मुलगा येईपर्यंत बापाचं प्रेत ठेवायचं असेल तर त्यालाही केला. एकेक लादी माझ्या हातून गेलेली. पण आपोआप झालेला बर्फ मी पाहिला नव्हता. गारा पाहिल्या होत्या. गार म्हणजे काय, धावत जाऊन उचलेपर्यंत तिचं पाणी. कुणी डबा भरला नाही, कुणी यंत्र चालवलं नाही, कुणी विकत घ्यायला आलं नाही आणि तरी डोंगरभर बर्फ पडून आहे, हे एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. दुसरं काही मागणं नव्हतं माझं.

घरी आमचं कानडी आणि मराठी मिसळूनच चालतं. काशम्मा अक्कलकोटकडची. तिला सांगितलं तर तिनं हातातलं सूप खाली ठेवलं.

“अय्य! दिवसभर बर्फात बसून हौस फिटंना होय? आता पैसे घालून बर्फ बघायला निघालेत! डोकं गरम झालंय का काय?”

“पैसे ते घालणार आहेत.”

“आनि काय झालं तिकडं तर? कोन आनून देनार तुमाला? पोस्टमन?”

आठ दिवस ती असंच बोलत राहिली. शेजारच्या सुंदरम्माला भिंतीवरून ऐकवत राहिली, “आमचे हे कैलासाला चाललेत बरं का, शंकराला बर्फ कमी पडलाय.” नवव्या दिवशी मी कामावरून आलो तर लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड खुंटीला. कुठून आणले विचारलं तर म्हणाली, “मला काय म्हाईत. आले असतील चालत.”

आता राहिली होती डॉक्टरची तपासणी. आणि तिथंच माझी खरी अडचण होती.

माझ्या उजव्या हाताची तीन बोटं, मधलं, अनामिका आणि करंगळी, मेली होती. दिसायला चांगली, हलतात, वाकतात. पण कळत काही नाही. मिठाचं पाणी आणि बर्फ, वर्षानुवर्षं. आधी मुंग्या यायच्या, मग मुंग्याही येईनाशा झाल्या. सात वर्षं झाली असतील. मी कुणालाही सांगितलं नव्हतं. वस्तू उचलताना बोटांकडं बघायचं, डोळ्यांनीच धरायचं, एवढी सवय केली की चालून जातं.

डॉक्टर सिद्धनाथच्याच चढाईच्या मंडळातला, भला माणूस. छाती तपासली, जिने चढायला लावले, म्हणाला, “संगप्पा, बैलासारखी तब्येत आहे.” मग बोटांची पाळी आली. “डोळे मिटा. टाचणी लागली की हां म्हणा.”

मी डोळे मिटले. पण त्याची खुर्ची जुनी. तो पुढं वाकला की खुर्ची करकरायची. करकरली की मी “हां” म्हणायचो. दहाच्या दहा बोटांना म्हणालो. बाहेर रोग्यांची रांग होती. त्यानं कागदावर सही ठोकली.

रस्त्यावर आलो तेव्हा मला आपल्या हुशारीचा गर्व झाला होता. मारुतीच्या देवळात नारळ फोडला. बोट न बघता फोडला आणि शेंडीच्या काथ्यानं कुठं खरचटलं तेही कळलं नाही. घरी आल्यावर सदऱ्याला रक्त दिसलं.

पुढच्या रविवारी पोरं पुन्हा कोठीत आली. सिद्धनाथ म्हणाला, “मामा, आज तुमच्या पद्धतीनं शिकवा. आम्ही नुसते ऐकणार.”

आमच्या कारखान्यात एक रीत आहे. ती मीच घातलेली. पूर्वी आमच्याकडं गुंडा म्हणून कामगार होता. बधिर झालेल्या हातानं त्यानं साखळी ओढली, हात कप्पीत गेला तरी त्याला कळलं नाही, दोन बोटं तुटून खाली पडली तेव्हा कळलं. त्या दिवसापासून मी ठरवून टाकलं. कोठीतून बाहेर आलं की दोघा-दोघांनी समोरासमोर उभं राहायचं. एकानं हात पाठीमागं न्यायचे. दुसऱ्यानं वळसा घालून त्याचं एक बोट दाबायचं आणि विचारायचं, “कुठलं?” दोनदा चुकला तर उन्हात बसायचं, बोटं जागी होईपर्यंत. पगार कापायचा नाही. हसायचं नाही. आणि अंदाजानं सांगायचं नाही. अंदाजानं सांगणाऱ्याला मी कामावरून काढलेलंही आहे.

मुकादम म्हणून मी सगळ्यांची बोटं दाबत असे. माझी कोण दाबणार?

पाऊण तास आत बसून आम्ही अंगणात आलो. पोरं दोघं-दोघं उभी राहिली. “कुठलं?” “आंगठा.” “कुठलं?” “मधलं.” महिपती दोनदा चुकला. त्याचा चेहराच उतरला. आता आपलं नाव कापणार असं त्याला वाटलं असावं.

“कळंना, मामा,” तो म्हणाला. “खरंच कळंना बगा.”

“शाब्बास!” मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. “वर ह्याच एका शब्दानं माणूस वाचतो. जा, उन्हात बस. हात काखेत घाल.”

पाव तासानं त्याची बोटं जागी झाली. पुन्हा दाबली तेव्हा त्यानं पाचही बरोबर ओळखली आणि लहान पोरासारखा उडी मारून आला.

सात पोरं आणि आठवा मी. उरलो ते सिद्धनाथ आणि मी. त्याचं झालं. मग तो सहज म्हणाला, “मामा, आता तुमची पाळी. हात मागं.”

नाही कसं म्हणणार? हात मागं नेले. तो पाठीमागं गेला. आता गंमत अशी, की बोट दाबलं की मनगट त्या बाजूला थोडंसं ओढलं जातं. बावीस वर्षं दुसऱ्यांची बोटं दाबणाऱ्याला तेवढं पुरतं. उजवं मनगट बाहेरच्या अंगाला ओढलं गेल्यासारखं वाटलं.

“करंगळी,” मी म्हणालो.

“करंगळी बरोबर! उजवी का डावी?”

“उजवी.”

“बघा रे!” सिद्धनाथ पुढं आला. त्याच्या चेहऱ्यावर असं कौतुक, की मला त्याच्याकडं बघवेना. “पाऊण तास आपल्यासोबत आत होते आणि पहिल्या झटक्यात सांगितलं. वर तळावर मामा असतील. खाली येणाऱ्या प्रत्येकाची बोटं मामा बघणार, तंबूची प्रत्येक गाठ मामा बांधणार. मामा म्हणाले उतर, की उतरायचं. मी नाही म्हटलं तरी उतरायचं.”

“मामा हायत म्हटल्यावर मला तर भ्याच न्हाई,” महिपती म्हणाला.

झालं होतं माझं काम. डॉक्टरची सही होती, मालकांनी रजा दिली होती, मोजे खुंटीला होते. गप्प बसलो असतो तर सप्टेंबरात मी बर्फात उभा असतो. मनाला समजावलंही, डावा हात तर चांगला आहे, डोळे आहेत. पण सिद्धनाथच सांगायचा, वर वादळ सुटलं की स्वतःचे बूट दिसत नाहीत. न दिसता गाठ कशी बांधणार? आणि सुटली, तर आत झोपलेला हा महिपती असणार.

आणि त्याला मी शाब्बास म्हणालो होतो, नुकताच.

“सिद्धनाथ,” मी म्हणालो, “मला कळलं नव्हतं.”

“काय कळलं नव्हतं?”

“बोट. अंदाजानं सांगितलं. पुन्हा दाब आणि मनगट हलू देऊ नको.”

तो हसत पाठीमागं गेला. थोड्या वेळानं म्हणाला, “सांगा.”

“दाबलंयस?”

“केव्हाचं.”

“कळंना,” मी म्हणालो.

तो समोर आला. “उन्हात बसा जरा, मामा. येईल.”

“सात वर्षं ऊन खातोय. तीन बोटं आहेत. येत नाहीत ती.”

“पण डॉक्टरनी तर...”

“डॉक्टरला फसवलं. त्याचा दोष नाही. खुर्चीला तेवढं तेल घालायला सांग, खोबरेल चालेल तिथं.”

एकही जण हसला नाही. सिद्धनाथनं चष्मा काढून पुसला. “तुम्ही बोलला नसता तर मला कधीच समजलं नसतं, मामा.”

“म्हणूनच बोललो.”

माझ्या जागी कोण, ते मीच सुचवलं. टाकीवरचा हिंदुराव, करकंबचा, अडतिशीचा, दहाची दहा बोटं शाबूत. तो ऐकून उडालाच. “मला कशाला वो त्या बर्फात? हितं काय कमी हाय का? माज्या बापानंबी कदी बर्फ बघाय जायाचं नाव काढलं न्हाई.” त्याला तयार करायला मला दोन तास लागले. ज्याला नको होतं त्याच्या हातापाया पडून मी त्याला माझ्या जागी बसवलं. बोलताना राग येत होता आणि कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. त्याला गाठी शिकायला उद्यापासून ये म्हणालो आणि घरची वाट धरली.

उन्हं उतरली होती. काशम्मा चुलीपुढं होती. मी पाटावर बसलो आणि म्हणालो, “मी जात नाही.”

तिनं वळून बघितलं. “का?”

“बोटं.”

ती पुन्हा चुलीकडं वळली. चहा उकळत होता, तो ढवळत राहिली. मला चमत्कारिक वाटलं. आठ दिवस जिनं घर डोक्यावर घेतलं, ती ‘कसली बोटं’ एवढंही विचारत नव्हती.

“कुठली बोटं ते नाही विचारलंस?”

“उजव्या हाताची तीन,” ती म्हणाली. “त्यात काय इचारायचं?”

“तुला कुणी सांगितलं?”

“नागपंचमीला दिंडं उकडत होते मी. तुमी पातेलं उतरवलं, हातानं, फडक्याबिगर. आनि तसंच धरून माज्याशी बोलत उभं राहिला. कातड्याचा वास सुटला तरी बोलतच होता. तवाच समजलं. सात वर्सं होतील आता. तुमी सांगितलं न्हाई, मी इचारलं न्हाई.”

“मग त्या सिद्धनाथला का सांगितलं नाहीस? दोनदा घरी येऊन गेला. एका शब्दात माझं जाणं थांबलं असतं. तुला तर तेच पाहिजे होतं.”

“मला पाहिजे होतं,” ती म्हणाली. “पन तुमाला जायाचं होतं की. बावीस वर्सांत कदी काय मागितलं न्हाई तुमी, ना माज्याकडं, ना देवाकडं. म्हटलं जाऊ दे, बघून येऊ दे. गेली बोटं तर गेली. मी हाय की घास भरवायला.”

मला रडू आलं. पाटावर बसून, गुडघ्यात डोकं घालून मी रडलो. तिनं रडू दिलं. मग चहा गाळला, पेला स्वतःच्या तळहातात धरून थोडा वेळ बसली, आणि मग माझ्यापुढं ठेवला.

“घ्या आता,” म्हणाली. “भाजत न्हाई.”